पणजोबांचा रकाना

अर्धवट भरलेला फॉर्म घरात पडला असला की माझ्या जिवाला चैन पडत नाही. हा माझा दोष आहे, मला ठाऊक आहे, आणि नवऱ्याने तो पंचवीस वर्षांत पुरेसा ऐकवलाही आहे. पण १९८५च्या ऑगस्टमध्ये एकनाथरावांनी जो फॉर्म आणून दिला, त्यात एकच रकाना रिकामा राहिला आणि त्या रकान्यापायी माझ्या मुलाचं लग्न मोडता मोडता वाचलं.

एकनाथराव म्हणजे सोमवार ते शुक्रवार गाड्यांच्या ब्रेकचे इंजिनिअर आणि शनिवार-रविवार डेट्रॉइट परिसरातल्या समस्त मराठी मंडळींचे गुरुजी. आमचा शैलेंद्र आयलीन मल्वी नावाच्या आयरिश मुलीशी लग्न करणार होता. नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत, शुक्रवारी चर्चमध्ये आणि शनिवारी ट्रॉयमधल्या भाड्याच्या हॉलमध्ये, आपल्या पद्धतीने. हॉल मिळाला तो दिवस, हाच मुहूर्त.

"वहिनी, कन्यादानात मला वधूच्या तीन पिढ्या म्हणाव्या लागतात," एकनाथराव म्हणाले. "अमक्याची पणती, अमक्याची नात, अमक्याची मुलगी. एवढं तेवढं भरून ठेवा. गोत्र काश्यप लिहितो, ज्याला गोत्र नाही त्याला काश्यप."

मुलगी डेनिसची. नात मायकेलची, हा मायकेल आयर्लंडमधल्या लेट्रिम परगण्यातून येऊन डेट्रॉइटला गाड्यांच्या कारखान्यात लागला आणि तिथेच वारला. आणि पणती? आयलीनला माहीत नव्हतं. डेनिसला, म्हणजे तिच्या वडिलांनाही माहीत नव्हतं. "डॅड म्हणायचे, तिकडचं तिकडे," एवढंच तो म्हणाला. स्वतःच्या आजोबांचं नाव माहीत नसलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. शांत, भला माणूस होता. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती आणि मुलीचं लग्न हाच त्याचा मोठा आनंद होता. कन्यादानाला एकट्याने बसलं तर चालेल ना, हे त्याने मला तीनदा विचारलं होतं.

"आई, प्लीज, ड्रॉप इट," शैलेंद्र म्हणाला. "नोबडी केअर्स."

नवऱ्याने, श्रीरंगने, पेपरमधून डोकं वर न काढता म्हण टाकली, "नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये."

"मल्वी काही ऋषी नाहीत," मी म्हटलं आणि गाडीची किल्ली उचलली.

मायकेलची बायको ब्रिजेट हयात होती, शहाऐंशी वर्षांची, डेनिसकडेच राहायची. मी गेले तेव्हा ती स्वयंपाकघरात रेडिओवर बेसबॉल ऐकत विणत बसली होती. चार वर्षांपूर्वी कोणी किती धावा काढल्या ते तिला तोंडपाठ. मी सरळ विचारलं, "तुमच्या सासऱ्यांचं नाव काय?"

तिच्या सुया थांबल्या. "आठवत नाही," ती म्हणाली आणि तिने रेडिओचा आवाज वाढवला.

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माझी आजी! ती नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घेत नसे आणि सासऱ्यांचं तर उखाण्यातसुद्धा नाही. एकदा दवाखान्यात सासऱ्यांचं नाव सांगायची वेळ आली तेव्हा तिने शेजारणीला सांगायला लावलं होतं. लेट्रिमच्या खेड्यातली ही म्हातारी म्हणजे आमच्या आजीचीच मोठी बहीण. मला तिच्याबद्दल एकदम माया दाटून आली. मी तिच्या सुरकुतलेल्या हातावर हात ठेवून हळूच म्हटलं, "कळलं मला. तुम्ही नका सांगू. मी बघते."

तिने दचकून माझ्याकडे पाहिलं. मग कितीतरी वेळ माझा हात धरून ठेवला. शहाणपणाचा मक्ता आपल्याकडेच आहे अशा थाटात मी घरी आले.

आमच्याकडून अर्ध्या तासावर एका चर्चच्या तळघरात जुन्या नोंदींच्या फिल्म मागवून यंत्रावर बघता येत. मी तीन आठवडे, कामावरून सुटले की रोज तिथे. आयर्लंडच्या सरकारी विवाह नोंदींची सूची अशी असते की नवरा एकीकडे आणि नवरी दुसरीकडे, तीही माहेरच्या नावाने. एकमेकांचा पत्ता नाही. दोघांच्याही नावापुढे खंड आणि पान यांचे आकडे असतात. ते जुळले की समजायचं, हे दोघं एकाच लग्नातले. पत्रिका जुळवण्यातलाच प्रकार, फक्त लग्न लागून गेल्यानंतर! मायकेल मल्वी चार सापडले. ब्रिजेट, माहेरच्या गिलरॉय, सात. डोळे चुरचुरायचे, मान आखडायची, घरी श्रीरंग कालचीच आमटी गरम करून जेवलेला असायचा. सप्टेंबरच्या शेवटी एका संध्याकाळी १९१९ सालचे एक मायकेल आणि एक ब्रिजेट जुळले. लेट्रिममधलं मोहिल, तोच खंड, तेच पान. मी त्या तळघरात टाळी वाजवली. शेजारचे गृहस्थ हसून म्हणाले, "काँग्रॅच्युलेशन्स."

सूचीत वडिलांचं नाव नसतं, ते मूळ दाखल्यात असतं. डब्लिनला पत्र टाकलं. मग वाट पाहणं आलं, आणि ते मला जमत नाही. पोस्टमनची गाडी वळणावर दिसली की मी चपला शोधायला लागायची. मंडपवाला नाही, आचारी नाही, तीनशे माणसांचं जेवण मैत्रिणींमध्ये वाटून द्यायचं. त्यातलं काही सुचेना. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाकीट आलं.

ते मी फोडलं नाही, एवढा मात्र मोठेपणा दाखवला. त्यांच्या घराण्याचं नाव त्यांनीच आधी बघावं. रविवारी मल्वींनी आम्हाला जेवायला बोलावलं होतं. जेवण झाल्यावर मी पाकीट डेनिससमोर ठेवलं, वर एक फूलही. शैलेंद्र कपाळाला हात लावून बसला होता. आयलीन आनंदली होती. आणि ब्रिजेटने हातातला चमचा बशीत ठेवला तो पुन्हा उचलला नाही.

डेनिसने चष्मा लावून वाचलं. "मायकेल मल्वी, मजूर. ब्रिजेट गिलरॉय. तिचे वडील टॉमस गिलरॉय, शेतकरी." मग तो थांबला. त्याने कागद मागेपुढे केला.

मी वाकून बघितलं. मायकेलच्या वडिलांच्या रकान्यात एक आडवी रेघ होती. शाईची, पट्टीने ओढल्यासारखी सरळ.

"कारकून विसरला असेल," मी म्हणाले. "मी परत लिहिते त्यांना."

आजही ते वाक्य आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

"कोणी विसरलं नाही," ब्रिजेट म्हणाली. "नव्हतंच नाव. आईचंच आडनाव लावायचा तो. मुलांना कधी सांगायचं नाही असं मी त्याला वचन दिलं होतं." मग ती माझ्याकडे वळली. आवाज चढला नाही तिचा, तेच जास्त लागलं. "तू म्हणालीस, कळलं मला. मला वाटलं तुला खरंच कळलं. मी दोन महिने तुझ्यासाठी प्रार्थना करत होते."

डेनिसने कागदाची घडी घातली. सत्तावन्न वर्षांचा माणूस, पण चेहरा मार खाल्लेल्या मुलासारखा झाला होता. "मी चर्चमध्ये येईन," तो म्हणाला. "शनिवारी तुमच्याकडे नाही. तीनशे लोकांसमोर माझ्या बापाची रेघ वाचली जाणार, तिथे मी बसणार नाही." आणि तो उठून अंगणात गेला.

आयलीन रडत होती. "काकू, आजीने आठवत नाही म्हटलं, तिथेच थांबायचं ना?" ती म्हणाली. "डॅडी नसतील तर मीही शनिवारी बसणार नाही." घरी श्रीरंगने म्हणीची आठवणसुद्धा करून दिली नाही. त्याने टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी एकनाथरावांना फोन केला.

"एवढंच ना? पॅट्रिक लिहितो," ते म्हणाले. "वहिनी, संस्कृत कोणाला कळतंय तिथे? रेघ पण नाही, प्रश्न पण नाही. त्यांना सांगून टाका."

खरं सांगते, मी हो म्हणणार होते. पॅट्रिक लिहिलेलाही मला डोळ्यांसमोर दिसला, फॉर्म पूर्ण भरलेला. पण ब्रिजेटची माफी मागितल्याशिवाय पुढचं काही करायचं नाही, एवढी अक्कल तोवर आली होती. दुपारी अर्धी रजा टाकून गेले. रेडिओ बंद होता. दाखला टेबलावरच पडला होता, फूल सुकलेलं.

"मी गाढव आहे," मी म्हटलं. "आमच्याकडे बायका सासऱ्यांचं नाव घेत नाहीत. मला वाटलं तुमचंही तसंच."

ब्रिजेटला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. "म्हणून तू हात धरलास होय!" ती म्हणाली. "अगं, मी त्या माणसाचं नाव घेत नाही ते लाजेने नव्हे. त्याची लायकी नाही म्हणून. ज्यांच्या घरी ती भांडी घासायची, त्यांचाच तो मोठा मुलगा."

"ती म्हणजे?"

"मायकेलची आई." तिने दाखला माझ्याकडे सरकवला. "सगळं वाचायची घाई तुला, आणि खालपर्यंत वाचलंस का?"

मी वाचलं नव्हतं. तीन महिने एका रकान्यासाठी जीव टाकला, आणि त्याच्या खाली दोन बोटांवर नजर गेली नव्हती. साक्षीदार दोन. पहिला कोणी जॉन. दुसऱ्या जागी एक फुली आणि फुलीभोवती कारकुनाच्या अक्षरात लिहिलेलं: ऑनोरा मल्वी, तिची खूण.

"माझी बहीण साक्षीला उभी राहणार होती," ब्रिजेट सांगू लागली. "ऐन वेळी माझ्या घरच्यांनी तिला येऊ दिलं नाही. बिनबापाच्याशी लग्न करतेय म्हणून. ऑनोरा शेवटच्या बाकावर बसली होती, पुढे यायची तिची हिंमत नव्हती. मायकेल मागे गेला आणि तिला हाताला धरून घेऊन आला. तिला लिहिता येत नव्हतं. तिने ती फुली काढली तेव्हा पाद्रीबाबांनी दौत धरली. लोकांचे कपडे धुऊन तिने त्याला वाढवलं. आम्ही जहाजावर चढलो त्यानंतर पुन्हा भेट नाही."

दारात डेनिस उभा होता. कामावरून आला होता, डबा हातात होता. किती ऐकलं होतं देव जाणे. तो आत आला, चष्मा लावला आणि त्या फुलीवर बोट ठेवून उभा राहिला.

"रेघ वाचणार नाहीत," मी म्हटलं. "खोटं नावही नाही. हिचं नाव घेतील."

"तुमच्या धर्मात चालतं?" त्याने विचारलं.

"ते माझ्याकडे लागलं." तो येणार की नाही, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

एकनाथराव तयार होईनात. "प्रपितामहाच्या जागी बाई? वहिनी, शास्त्रात नाही हो असं."

"शास्त्रात थँक्सगिव्हिंगचा मुहूर्तही नाही," मी म्हणाले. "पॅट्रिक चालतो, म्हणजे नसलेला माणूस चालतो, आणि जिने पोर वाढवलं ती चालत नाही?"

पलीकडे पेनाचं टोपण काढल्याचा आवाज आला. "स्पेलिंग सांगा," ते म्हणाले.

शुक्रवारी म्हटल्याप्रमाणे डेनिस चर्चमध्ये होता, पण शनिवारी सकाळी अकरापर्यंत त्याचा पत्ता नव्हता. मी दारापाशी इतक्या फेऱ्या मारल्या की पैठणीच्या निऱ्या सुटल्या. आयलीन आतल्या खोलीत मुंडावळ्या बांधून बसली होती. सव्वाअकराला गाडी लागली. डेनिस सुटाबुटात, आणि त्याच्या हाताला धरून ब्रिजेट. "पार्किंग मिळेना," तो म्हणाला. मला त्याच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. मी फक्त बूट कुठे काढायचे ते दाखवलं.

पाटावर त्याचे गुडघे छातीपाशी आले होते. एकनाथरावांनी पाण्याची झारी त्याच्या हातात दिली आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "काश्यपगोत्रोत्पन्नां, ऑनोरायाः प्रपौत्रीं, मायकेलस्य पौत्रीं, डेनिसस्य पुत्रीं..."

हे तीनदा म्हणतात. पहिल्या वेळी ब्रिजेटने नुसती मान वर केली. दुसऱ्या वेळी ती खुर्चीतून उठली. तिसऱ्या वेळी सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तीच ती." डेनिसच्या हातातली झारी कलंडली आणि निम्मं पाणी आयलीनच्या शालूवर सांडलं. तो पुसायला गेला नाही. रडत रडत मुलीकडे बघून हसत होता. मीही रडले, अगदी हुंदके देऊन, आणि मला त्याची काही लाज वाटली नाही.

मग वराच्या पिढ्या. नारायणाचा पणतू, दत्तात्रेयाचा नातू, श्रीरंगाचा मुलगा. पूर्ण फॉर्म, एकही रेघ नाही.

जेवणाच्या वेळी ब्रिजेटला जिलेबी वाढत होते. तिने माझा हात धरला, त्या दिवशी स्वयंपाकघरात धरला होता तसाच. "तुमच्याकडची नावंही ऐकली मी," ती म्हणाली. "त्या पहिल्याची बायको कोण?"

म्हणजे श्रीरंगची आजी. तिच्या हातची थालीपीठं तो पंचवीस वर्षं वर्णन करून सांगत आलाय. मी त्याला हाक मारून विचारलं, "अहो, तुमच्या आजीचं नाव काय होतं?"

"मोठी आई," तो म्हणाला.

"ते तुम्ही हाक मारायचात. नाव काय?"

तो हातात ताट घेऊन उभा राहिला. मग एकनाथरावांकडे बघितलं, जणू त्यांच्या फॉर्मवर ते असेल.

ब्रिजेट माझा हात न सोडता उत्तराची वाट बघत होती.