अकुओलचं तिकीट

आसावरीच्या डोक्यात अशी तिडीक गेली ना, की हातातली कॉफी तिने तशीच सिंकमध्ये ओतली. तिकीट बंद! अकुओलने सोमवारी आयटीकडे मदतीसाठी टाकलेलं, आज गुरुवारी दुपारी बंद, आणि खाली एकच ओळ: 'लॅपटॉपवर इंग्लिश कीबोर्ड आहे. प्रॉब्लेम सुटला.'

कुणाचा सुटला? पेरोलमधल्या, सगळ्यांचे पगार काढणाऱ्या अकुओलची आई गेली होती. उद्या इथल्याच, एडिनबरातल्या चर्चमध्ये फ्युनरल, आणि आईने स्वतः रचलेलं, त्यांच्या दक्षिण सुदानच्या डिंका भाषेतलं भजन पुस्तिकेत छापून सगळ्यांनी मिळून म्हणायचं होतं. अकुओलला ते तोंडपाठ. पण लॅपटॉप ऑफिसचा, त्यावर डिंकाची कितीतरी अक्षरंच नाहीत. डिंका कीबोर्डचं एक छोटंसं सॉफ्टवेअर टाकलं की झालं, पण आयटीच्या पासवर्डशिवाय तिथे काही म्हणजे काही टाकता येत नाही. आणि प्रिंटवाला पाचला शटर ओढणार!

आसावरी आयटीतलीच. तरातरा गेली ती टीम लीडकडे, मिहीरकडे.

"तिकीट तू बंद केलंस?"

"डिंका ना? मला वाटलं लाडवातला." मिहीर स्वतःच्याच जोकवर हसला.

"तिची आई गेलीये, मिहीर."

हसू जरा ओसरलं. "अगं, सॉरी. पण कामासाठी लागत नाही ना ते. साध्या इंग्लिश अक्षरांत लिही म्हणावं."

"मंडळाच्या गणपतीचं आमंत्रण तू इथेच बसून टाईप केलंस. ते इंग्लिश अक्षरांत का नाही लिहिलंस?"

"मराठी विंडोजमध्ये असतंच गं! मी काही इन्स्टॉल नाही केलं."

"तेच तर! तुला मागावं लागलं नाही, म्हणून तिने मागूच नये?"

"पॉलिसी आहे, आसावरी."

"घाल ती चुलीत!"

ती तडक पेरोलमध्ये गेली, अकुओलच्या खांद्यावरून वाकली आणि स्वतःचा पासवर्ड ठोकला. दोन मिनिटांत कीबोर्ड आला. आता अकुओल गळ्यात पडेल, निदान थँक्यू तरी म्हणेल, असं वाटलं तिला.

अकुओल स्क्रीनकडेच बघत होती. "पासवर्ड तुझ्याकडेच होता?"

"हो, म्हणजे... परवानगी..."

"सोमवारपासून?"

आसावरीने मान डोलावली.

"मी रोज तुझ्याशेजारी बसून जेवले," अकुओल म्हणाली. आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. "आता सरक. साडेचार वाजलेत."

ती पुटपुटत टाईप करू लागली. एक ओळ गुणगुणायची, मग बोटं. नवीन कीबोर्ड, हात बसलेला नाही, चुकलं की ती टेबलावर मूठ आपटायची. मिहीर दारात येऊन म्हणाला, "मला हे रिपोर्ट करावं लागेल." दोघींपैकी एकीनेही मान वळवली नाही.

पाचला दहा कमी असताना प्रिंटवाल्याचा फोन आला. सातपैकी चार कडवी झाली होती. अकुओलने फाईल पाठवली, लॅपटॉप खाड्कन मिटला.

"उरलेली?" आसावरीने विचारलं.

"उरलेली मी एकटी म्हणेन," अकुओल म्हणाली आणि कोट उचलून निघून गेली.