एर्सांदची सासू

मी ओझान. ब्रेसीच्या गढीत पेत्रोनिलबाईंची वेणीफणी माझ्याकडे असायची, त्यामुळे त्या घराचं बरंवाईट मी जवळून पाहिलं.

ओर्नाक परगणा एकच, पण धनी दोन. नदीच्या वरच्या अंगाला रेनोचं घराणं, खालच्या अंगाला आमचं. दोन्हींचे पणजोबा सख्खे भाऊ, आणि त्यांच्यापासूनच एकमेकांची उभी पिकं जाळायची चाल पडलेली. अशाच एका चकमकीत रेनोच्या हातून आमचे मालक, पेत्रोनिलबाईंचे यजमान, गेले. शेवटी बिशप मध्ये पडले. रेनोला एकुलती एक लेक होती. ती बाईंच्या मुलाला, आमच्या जोसलांला, द्यायची, म्हणजे पुढेमागे परगणा एक होईल, असं ठरलं.

एर्सांद आली तेव्हा आठ वर्षांची होती. रीतीप्रमाणे सासरीच वाढायची. नवरा तिच्याहून धाकटा, पुढचे दात पडलेला.

पोर जेवेना. वाडग्याकडे नुसती बघत बसायची. मुदपाकखान्यातल्या बाया तिच्या देखत तिला खुन्याची लेक म्हणायच्या. पेत्रोनिलबाई तिच्याकडे मान वळवून पाहतही नसत. एके दिवशी मात्र त्यांनी विचारलं, "का गं, आमचं अन्न गोड लागत नाही?"

"तुम्ही त्यात विष घालाल, असं आमची दाई म्हणाली."

बाईंनी तिचं वाडगं पुढे ओढलं, मटाराचं कढण अर्धं संपवलं आणि वाडगं परत सरकवलं.

"मीठ कमी आहे. विष काही लागलं नाही. जेव आता."

त्यानंतर रोज पोरीच्या वाडग्यातला पहिला घास बाई खायच्या. पोरीची भीती कधीच गेली होती, तरी दोघींपैकी कुणी ते मोडलं नाही.

ती जोसलांला पाठुंगळी घेऊन ओढ्यावर खेकडे धरायला जायची. बाया चिडवायच्या, "काय गं, नवरा कुठाय तुझा?"

"झाडावर चढलाय. उतरता येत नाही म्हणून रडतोय."

तो अकरा वर्षांचा झाला आणि त्या शरद ऋतूत तापाने गेला. त्याच्या उशाशी दोघी बसून होत्या. त्याला पुरून आल्यावर एर्सांद पहिल्यांदा बाईंना 'आई' म्हणाली. बाईंनी तिला पोटाशी धरलं.

मग मालकांचा भाऊ गीबेर गादीवर बसला. चाळिशी उलटलेला, बायको गेलेली. म्हणाला, "पोरगी आपल्या घरात आहे तोवर परगणा आपल्या घरात. मीच करतो लग्न."

"भावोजी, तेरा वर्षांची आहे ती."

"वाढेल की."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी मला खेचरांवर खोगीर चढवायला सांगितलं. जोसलांसाठी प्रार्थना करायला मठात जायचंय, असं गीबेरला कळवलं. फाट्यावर आल्यावर त्यांनी खेचर नदीकडे वळवलं.

"आई, मठ तिकडे राहिला."

"मठ काही पळून जात नाही. चल."

नदीच्या उतारापलीकडे रेनोची चौकी होती; निरोप मिळताच तो स्वतः तिथे आला. केस पिकलेले, एक पाय ओढत चालत होता. लेकीला त्याने चटकन ओळखलं नाही. बाईंना मात्र ओळखलं, आणि तो खाली पाहू लागला.

"बाईसाहेब, तुमच्या घराचं माझ्या हातून जे झालं..."

"ते मी विसरलेली नाही. विसरणारही नाही. तुमची लेक आणलीय, सांभाळा. थंडीत तिचा कान दुखतो, डोक्याला लोकरीचं बांधत जा. आणि तिला विचारल्याशिवाय कुणाला देऊ नका."

एर्सांदने त्यांचा झगा घट्ट धरला. "तुम्ही पण राहा ना."

"ह्यांच्या घरात मला झोप लागायची नाही, पोरी," असं म्हणून बाईंनी हळूहळू तिची बोटं सोडवली.

परत आलो तर गीबेरने गढीचा दरवाजा उघडला नाही. आम्ही जोगिणींच्या मठाचा आसरा घेतला. वाफ्यात कांदे लावले, सूत कातलं, बरीच वर्षं काढली. बाईंची नजर हळूहळू गेली.

एका वसंतात मठापुढे गाडी थांबली. उंच, भरदार बाई उतरली आणि थेट वाफ्यात आली.

"कोण आहे?" बाईंनी विचारलं.

"मी. बाबा गेले. ते असेपर्यंत तुम्ही आला नसतात, म्हणून थांबले. आता घर माझं आहे. चला."

बाईंनी हाताची माती झटकली आणि तिच्या चेहऱ्यावरून बोटं फिरवली. "कान दुखतो का अजून?"

"थंडीत दुखतो."

गीबेर निपुत्रिक गेला तेव्हा ब्रेसीचे लोक आपण होऊन एर्सांदकडे आले, आणि परगणा एक झाला. मग स्थळं येऊ लागली. आलेल्या प्रत्येकाला ती आधी बाईंपुढे बसवायची. त्यातल्या एकाने अदबीने विचारलं, "या आपल्या कोण?"

"माझ्या सासूबाई."

तो गोंधळला. "मग आपले यजमान..."

"ते लहानपणीच गेले. सासूबाई मी ठेवून घेतल्या."

तो मनापासून हसला. बाईंनी त्या हसण्याच्या दिशेने मान वळवली.

"ओझान," त्या हळूच म्हणाल्या, "ह्याला नासपतीचे तुकडे दे. आणि जरा बोलू दे त्याला."