सुताराची जास्तीची शिडी

या, जरा जवळ सरकून बसा. शिड्यांनी गच्च भरलेल्या एका खोलीची गोष्ट सांगायची आहे.

इस्पितळातला एक मोठा वॉर्ड दुरुस्तीला काढला होता. रोगी व्हरांड्यात झोपत होते आणि थंडी दाराशी येऊन ठेपली होती. ती पडण्याआधी रोग्यांना आत न्यायचं, हाच एक ध्यास कामावर देखरेख करणाऱ्या ताईंना लागला होता. पूर्वी हे काम त्यांचे मामा बघायचे. मामांचा हात आखडता. कोणी काहीही मागो, निम्मंच द्यायचे. त्यामुळे कारागिरांना दुप्पट मागायची सवय जडलेली.

ताईंना याची काय कल्पना? मागितलं तेवढं सगळं देऊन त्या मोकळ्या झाल्या. सकाळी येऊन बघतात तर वॉर्डात पाय ठेवायला जागा नाही. जिकडेतिकडे शिड्या, फळ्या, रंगाचे डबे.

"ताई, भिंत दिसते, पण भेट होत नाही," रंगारी म्हणाला.

"मग एवढं मागितलंत कशाला?"

"मामा कापायचे. तुम्ही कापलंच नाही, आमची पंचाईत झाली."

वायरमन हसला. "मला माझ्या शिडीपर्यंत जायला सुताराची शिडी ओलांडावी लागते."

ताईंनाही हसू आलं, पण नजर व्हरांड्याकडे गेली. तिथे एक आजी पांघरूण गळ्यापर्यंत ओढून बसल्या होत्या. ताईंचं हसू मावळलं.

"जास्तीचं परत करा. उद्या लागलं तर उद्या देईन, आणि कापणार नाही. शब्द देते."

कोणी जागचं हललं नाही. आज दिलं आणि उद्या मिळालंच नाही तर?

शेवटी सुतार उठला. एक शिडी खांद्यावर घेऊन ताईंसमोर आणून ठेवली. "मला आज एकच पुरते."

"उद्या बसशील हात चोळत," वायरमन म्हणाला.

"बसेन की. शब्द खरा का खोटा, तेवढं तर कळेल."

दुसऱ्या दिवशी त्याने शिडी मागितली. ताईंनी कशाला म्हणून विचारलं नाही, स्वतः उचलून आणून दिली. सगळे बघत होते. दुपारपासून एकेकाचं सामान गुपचूप कोठीत परत येऊ लागलं. वायरमनचं सगळ्यात शेवटी. भिंती मोकळ्या झाल्या, कामाला वेग आला.

थंडी पडली तेव्हा आजी आतल्या खाटेवर निवांत झोपल्या होत्या.

ताईंचं कौतुक झालं, व्हायलाच हवं. पण देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या सुताराचीही आठवण ठेवा. उद्याची खात्री नसताना आपली शिडी त्याने आधी खाली ठेवली.