बेताल काळीज

बँडच्या तालमीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मधल्या खुर्चीत नाडीमहाराज हात पुढे करून बसले होते.

"या, धरा मनगट! आम्ही काळाला थांब म्हटलं तर तो थांबतो, तिथे नाडी कोण लागून गेली?"

क्लॅरिनेटवाल्याने मनगट धरलं आणि ओरडला, "थांबली की हो!"

मी टवाळी करायलाच गेलो होतो. बोटं ठेवली. ठोका मंद झाला, मग नाहीसाच झाला. टवाळी जागीच राहिली.

धाकटा भाऊ शेजारीच उभा होता. बँडचा मोठा ढोल तो वाजवतो. त्याच्या काळजाचे ठोके अनियमित पडतात असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा आम्ही वाजवणाऱ्यांनी ते आजारपण मानलंच नाही. ढोलवाल्याचं काळीज तालात नाही म्हणजे नाचक्की! मीच थट्टेत त्याला 'बेताल्या' म्हणायला लागलो, आणि सगळ्यांनी ते उचललं.

"दादा, आता तरी पटलं?" त्याने विचारलं. मी महाराजांचं मनगट पुन्हा चाचपलं.

"डॉक्टरच्या गोळ्या बंद, त्याने सांगितलेलं चालणं बंद," महाराज म्हणाले. "काळीज आम्ही तालात बसवू."

धाकट्याने खिशातल्या गोळ्या त्यांच्या पायाशी ठेवल्या. तेवढ्यात माझी सून आत शिरली. ती नर्स, कामावरून तशीच आलेली, स्टेथोस्कोप गळ्यात.

"काका, आधी त्या गोळ्या उचला! रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून आहेत त्या. गुठळी मेंदूत गेली तर अर्धं अंग लुळं पडेल."

मग तिने महाराजांचं मनगट धरलं आणि स्टेथोस्कोप छातीवर टेकवला. "हं, थांबवा नाडी... मनगटात सामसूम आहे खरी. छातीत मात्र बँड जोरात चालू आहे! जरा हात वर करा."

"आम्ही समाधीत आहोत."

"समाधीत बोलता येतं, मग हात वर करायला काय झालं?" म्हणत क्लॅरिनेटवाल्याने त्यांचा कोपर उचलला. बगलेतून रबरी चेंडू निसटला आणि उड्या मारत ढोलाखाली गेला.

"चेंडू दाबला की हाताची रक्तवाहिनी चेपते," सून म्हणाली. "काळीज चालूच राहतं."

लोक हसले, महाराजांवर धावले. मला मान वर करवेना. बँडमधल्या शिकाऊ पोरांवर मी जन्मभर ओरडत आलो, "बगल आवळू नकोस, हात बधिर पडेल!" ती आवळलेली बगल समोर असून मला दिसली नाही.

आता डॉक्टरांना विचारून आम्ही दोघे भाऊ रोज चालतो. बोलता येईल इतकाच वेग. चक्कर आली, छातीत दुखलं तर थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. गोळ्या चालू आहेत आणि ढोलही.

"दादा, काळीज माझं बिघडलंय आणि धाप तुला लागते," तो परवा म्हणाला. पूर्वी मी त्याला 'बेताल्या' म्हणूनच उत्तर दिलं असतं. आता ते नाव ओठावर येत नाही.

कोणी नाडी थांबवून दाखवली, तर त्याला आधी हात वर करायला सांगा. औषध मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. आणि घरातल्या आजाऱ्याला हसू नका. माझा भाऊ महाराजांच्या पायाशी गेला, तो माझ्या हसण्याला कंटाळून.