शेठच्या फोनला कतारगामचं उत्तर

१९९९ साली पांडेसऱ्यातल्या एका कापड रंगवणाऱ्या, डाइंगवाल्या गुजराती शेठनं रंगमास्तर छगनला मोबाइल दिला, तेव्हा अख्ख्या खात्यानं तो हातात घेऊन पाहिला. खरी मेख दुसऱ्या दिवशी कळली. फोन ज्या भागात असेल त्याचं नाव पडद्यावर इंग्रजीत उमटायचं आणि शेठ तासातासाला ठावठिकाणा विचारायचा, "छगनभाई, क्यां छो? पडद्यावर काय लिहिलंय, वाचा!"

छगन नुसत्या नजरेनं रंगातली खोट ओळखायचा, पण इंग्रजीशी त्याचं सातवीतच फाटलं होतं. तो बिनधास्त ठोकून द्यायचा, "पांडेसरा!" जेवताना, दाढी करताना, एकदा तर संडासातूनसुद्धा.

मग शेठनं त्याला माल बघायला भेस्तानला पाठवलं. पोचल्या पोचल्या फोन वाजला आणि सवयीनं तोंडातून निघालं, "पांडेसरा!"

"अजून निघालाच नाही?" शेठ असा कडाडला की छगनच्या हातून फोन सुटता सुटता राहिला.

आता शिकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आठवीतल्या ललितला विचारावं, तर पोरासमोर बापाची अब्रू जायची. म्हणून शहराच्या दुसऱ्या टोकाला, ओळखीचं कुणी नव्हतं अशा कतारगामात, निवृत्त शिक्षिका प्रमिलाबाईंकडे तो दुपारी काम टाकून गुपचूप जाऊ लागला. तिथं शेठचा फोन आला, की उत्तर तेच, पांडेसरा.

महिन्याभरानं बाई म्हणाल्या, "आज फोनवरचं वाचून दाखवा."

छगननं घाम पुसत एकेक अक्षर जुळवलं. शब्द लागला आणि तेवढ्यात फोन वाजला.

"क्यां छो?"

"कतारगाम!" छगन आनंदानं ओरडला. "शेठ, कतारगाम लिहिलंय! मी वाचलं!"

बाईंनी टाळी वाजवली. छगननं जीभ चावली, पण उशीर झाला होता.

"कतारगाममां शुं करो छो?"

छगननं रडवेल्या आवाजात सगळं कबूल केलं. नोकरी गेली, असं समजून तो वही आवरू लागला. मग शेठ अगदी हळू म्हणाला, "बाईंना विचारा, आणखी एकाला घेतील का? माझ्या घरी बोलू नका."

सोमवारी शेठ छगनशेजारी सतरंजीवर बसला. आधी त्यानं दोन्ही फोन बंद केले. "माणसाला तासभर तरी निवांत मिळायला हवा," तो म्हणाला आणि पहिलंच अक्षर उलटं काढल्याबद्दल बाईंची बोलणी खाल्ली.