विदोसावाच्या दोरीवरचं निसर्गदृश्य

विदोसावाच्या अंगणातली कपड्यांची दोरी नगरपालिकेच्या 'अवश्य पाहावीत अशी स्थळं' या फलकावर चौथ्या क्रमांकावर लागली, ही बातमी तिला सोडून सगळ्या गावाला ठाऊक होती. तिला ती कळली अंगणात उभ्या असलेल्या परक्या माणसांच्या घोळक्यावरून. ती परकर वाळत घालत होती आणि ते लोक हिरमुसल्या तोंडाने त्या परकराकडे पाहत होते.

झालं होतं ते असं. वसंतात कुणी पाहुणा वाट चुकून तिच्या अंगणात शिरला आणि त्याने एक फोटो काढला. खाली निळी खाडी, पलीकडे करडे डोंगर, मधल्या बेटावरचं चर्च आणि पुढ्यात वाऱ्याने फुगलेले पांढरेशुभ्र पडदे. तो फोटो जगभर फिरला. पण ते पडदे विदोसावा वर्षातून एकदाच, ईस्टरच्या आधी, धुते. एरवी तिच्या दोरीवर सगळं काळं. नवरा त्रिप्को जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण तिथे तिच्या वयाच्या बायकांनी एकदा दुखवट्याचं काळं घातलं की ते पुन्हा उतरत नाही.

दुसऱ्याच दिवशी पालिकेच्या पर्यटन खात्याचा बाल्शा पायऱ्या चढून धापा टाकत आला. खालच्या गल्लीतला पोरगा, तिच्या डोळ्यांदेखत वाढलेला.

"मावशी, जरा रंगाचं काही बघता येईल का?"

"कसल्या रंगाचं?"

"धुण्याच्या. लोक कुठून कुठून येतात गं. काळं बघून खचतात."

"मी विधवा आहे, बाल्शा. जाहिरात नाही."

"तेच तर. तू अस्सल आहेस. फक्त पांढऱ्यातली अस्सल हवीस." मग आवाज खाली आणून म्हणाला, "चादरी मी पाठवतो. तू नुसत्या धुऊन टाकायच्या. गावासाठी."

गावासाठी म्हटल्यावर विदोसावाला नाही म्हणता येईना. चादरी आल्या. तिने त्या धुऊन वाळत घातल्या, लोक खूश झाले. संध्याकाळी बाल्शा त्या घडी करून घेऊन गेला आणि सकाळी त्याने दुप्पट चादरी आणून टाकल्या. तिसऱ्या खेपेला उशांचे अभ्रे आणि टॉवेलही आले. एका चादरीवर लाल वाइन सांडलेली होती आणि कोपऱ्यात बाल्शाच्या मेहुण्याच्या हॉटेलचं नाव विणलेलं होतं.

"या चादरीवर कुणीतरी झोपलंय," ती म्हणाली.

"अस्सल वाटावं म्हणून," बाल्शा म्हणाला, पण तिच्या नजरेला नजर न देता.

विदोसावा आतल्या आत धुमसत राहिली. तक्रार करायची तर पालिकेतच, आणि पालिकेत महापौर म्हणजे बाल्शाचे धर्मपिता, बाप्तिस्म्याला त्यांनीच त्याला मांडीवर घेतलेलं. तक्रारीचा कागद फिरून बाल्शाच्याच टेबलावर आला असता. ती बिचारी धूत राहिली. खांदे भरून यायचे, बोटं सुजायची, आणि समोर लोक म्हणायचे, इथलं आयुष्य किती निवांत आहे.

जुलैतल्या एका सकाळी डबल बेडची ओली चादर काही केल्या तिच्याने पिळवेना. समोर एक उंच तरुण कॅमेरा रोखून उभा होता. तिने चादरीचं दुसरं टोक त्याच्या हातात कोंबलं.

"धर. आता पीळ."

भाषा त्याला कळली नाही, हात कळले. पाणी भळाभळा गळलं. त्याची बायको आनंदाने फोटो काढत सुटली आणि मग म्हणाली, आता मी. तिच्या मागे आणखी चौघं उभी राहिली.

त्यानंतर विदोसावाने मागे वळून पाहिलं नाही. तिने मोठं घंगाळ अंगणात आणून ठेवलं आणि लोकांना बूट काढायला लावले. लोक अनवाणी पायांनी चादरी तुडवू लागले. एकदा एक जाडजूड गृहस्थ वाइनचा डाग घासता घासता थबकला आणि बायकोला म्हणाला, "अगं, हा माझाच." तो हॉटेलातलाच पाहुणा निघाला. परत जाताना त्याने विदोसावाचे दोन्ही हात हातात घेऊन आभार मानले.

शेजारच्या स्तानाने आपले गालिचे वर पाठवले. मग अख्ख्या गल्लीची पांघरुणं आली. बेटावरचं चर्च फलकावर दोरीच्या खाली घसरलं, तेव्हा पाद्रीबाबा आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत. मग त्यांनीही वेदीवरचे कपडे पाठवून दिले.

विदोसावा आता सकाळी सूचना देऊन खाली धक्क्यावर जायची, स्तानाबरोबर कॉफी घेत पत्ते कुटायची.

"काय बघतात गं एवढं?" ती खाडीकडे मान करून विचारायची.

"पाणी," स्ताना म्हणायची आणि पान टाकायची.

बाल्शाला चैन पडेना. तो ठराव घेऊन आला की मावशीने भरतकामाचं जाकीट घालावं आणि अंगणाला तिकीट लावावं.

"तिकीट लावलंस की लोक विचारतील, पैसे भरून वर काम का करायचं," विदोसावा म्हणाली. "फुकट आहे म्हणून राबतात. तू शिकलेला ना?"

ऑक्टोबरात दक्षिणेचा ओला वारा सुटला आणि पर्यटक गेले. अंगण रिकामं झालं. दोरीवर पुन्हा काळे परकर आले. विदोसावाला चुकल्यासारखं वाटत होतं, पण तिने ते स्तानालाही सांगितलं नाही.

अशात एक दिवस बाल्शा हॉटेलच्या हिवाळी रजया घेऊन आला. अंगणभर ढीग लावला.

"ठेव तिथे," ती म्हणाली आणि आत जाऊन तिने दार लावलं.

बाल्शा बराच वेळ अंगणात घुटमळला आणि गेला. दुपारी पाऊस कोसळला. रजया भिजून शिळेसारख्या जड झाल्या. शेवटी बाल्शा मेहुण्याला घेऊन आला, आणि दोघं त्या ओढत, घसरत, एकमेकांना शिव्या देत पायऱ्या उतरू लागले. विदोसावा आणि स्ताना खिडकीत कॉफी घेत बसल्या होत्या.

"फोटो काढायचा का?" स्तानाने विचारलं.

"राहू दे," विदोसावा म्हणाली. "उजेड बरा नाही."