पायथ्याकडून इंदरलाल

अर्जुनी मोरगावच्या बस स्टँडमागं सेवकराम पेंटरचं दुकान. उघडं असायचं, एवढंच. फ्लेक्स आले आणि पाट्या गेल्या. मग मोबाईलवरचे फोटो वाटेल तेवढे मोठे करून मिळायला लागले आणि राहिलंसाहिलं कामही आटलं. आता वर्षाकाठी चार-दोन गिऱ्हाइकं यायची, तीही मेलेल्या माणसाचं चित्र मागायला. त्याचीही त्यानं सोय लावून टाकली होती. चेहरा फोटोवरून काढायचा, खाली ठरलेली खुर्ची आणि ठरलेला काळा कोट. जन्मात ज्यांनी कोट अंगाला लावला नाही असे तालुक्यातले कितीतरी धानवाले भिंतीवर सेवकरामच्या कोटात बसले होते. कोणाची तक्रार नव्हती. त्याला स्वतःलाच त्या कोटाचा वीट आला होता, पण करतो काय?

इटियाडोह धरणाच्या कालव्याकडच्या गावातून कुंताबाई आली, ती पोराला, गुड्डूला घेऊन. नवरा इंदरलाल लकव्यानं खाटेला लागला तो उठलाच नाही. आता त्याचं वर्षश्राद्ध होतं आणि भिंतीवर त्याचं चित्र पाहिजे होतं. लग्नातला फोटो वाळवीनं खाल्लेला. उरला होता तो नातीनं खाटेच्या पायथ्याशी उभं राहून मोबाईलवर काढलेला. समोर दोन तळवे, हे एवढाले, भेगाळलेले. मागं गुडघे, पोट, आणि पार टोकाला सुपारीएवढा चेहरा. चेहरा मोठा करतो, बाकी माझ्यावर सोडा, असं सेवकराम म्हणाला आणि गुड्डूनं मान हलवली. कुंताबाईला कोणी विचारलं नाही.

चित्र झालं तेव्हा गुड्डू खूश झाला. बाबा तहसीलदार दिसतात, म्हणाला. कुंताबाई मात्र पाहतच राहिली.

"चांगले आहेत," ती म्हणाली. "पण हे गुड्डूचे बाबा नाईत."

सेवकरामचं डोकंच फिरलं. बाईला काय हवं ते तिनं सांगावं तरी! तिनं मोबाईल पुढं केला. असंच पाहिजे, म्हणाली, जसं यात आहे तसं.

आता तिला काय सांगावं? असं चित्र काढणं त्याला येत नव्हतं थोडंच! गोंदियाच्या ड्रॉइंग मास्तरांनी फोरशॉर्टनिंग शिकवलं होतं. जे डोळ्याच्या अंगावर येतं ते आखूड काढायचं, जवळचं मोठं आणि लांबचं बारीक. त्या हौसेनं त्यानं तरुणपणी एका नाटकाच्या पडद्यावर शरपंजरी भीष्म रंगवला होता, पाय प्रेक्षकांकडे करून. मंडईच्या जत्रेला आलेले लोक पोट धरून हसले. भीष्माचे पाय कोणी तोडले म्हणाले. नाटकाच्या मालकानं दुसऱ्या दिवशी सकाळीच भीष्म आडवा करून घेतला, डोक्यापासून पायापर्यंत सरळ लांब. तेव्हापासून सेवकरामनं कोणाचा हातसुद्धा समोर येऊ दिला नव्हता.

"बाई, बुटका दिसन तो. आणि भिंतीवरून लोकायले पाय दाखवते म्हणतीन."

"लोक पायच पडाले येतीन ना," कुंताबाई म्हणाली. "भाऊ, मी तेथीच, पायथ्याशीच बसून राहत होती. तेल लावत होती. तोंड दूर होतं त्यायचं, बोलणंही बंद. मले पायच दिसत होते. कोटातल्या माणसाले मी ओळखत नाई."

गुड्डू चिडला, पण आईपुढं त्याचं चाललं नाही. सेवकरामनं कोटवालं चित्र उलटं करून भिंतीला टेकवलं.

काम जड गेलं. हात सवयीनं पाय लांब करायला धावायचा, तो पुसायचा, पुन्हा आखूड करायचा. पाठ भरून यायची. मांडी जवळजवळ नाहीशीच करावी लागली आणि तेव्हा कुठं माणूस खाटेवर टेकला. भेगा काढताना तर त्याला वाटलं, झक मारली आणि हो म्हटलं. तरी तो उठला नाही. शेवटी चेहरा काढला, दोन-चार फटकाऱ्यांत, कारण तेवढाच दिसत होता.

कुंताबाई एकटीच आली. चित्र स्टुलावर होतं. ती समोरच्या फरशीवर बसली, पदर सावरला आणि तिचा अंगठा डाव्या टाचेवर गेला. हळूहळू, भेगेच्या बाजूनं, दाबून. रंग ओला होता. सेवकरामनं तिला अडवलं नाही. बाई रडत नव्हती, नुसती चोळत होती, रोजचं काम असल्यासारखी.

मग तिला अंगठ्यावरचा रंग दिसला. ती घाबरून उठली.

"खराब केलं का मी?"

टाचेवरचा रंग फिसकटला होता. सेवकरामनं ब्रश उचलला, आणि पुन्हा डब्यात ठेवून दिला.

"नाई," तो म्हणाला. "तेवढंच राह्यलं होतं."